तामा नदीवरचा बाइतो

चैत्राली मुळातच घाबरट. कावासाकीत येऊन दोन वर्षं झाली तरी पोलिसाची सायकल दिसली की बाई जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेते. आणि आता तर मनात खरोखरच चोर होता. ती परवान्याशिवाय काम करत होती.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना इथे बाइतो, म्हणजे फावल्या वेळची नोकरी, करायची तर आधी सरकारी परवाना लागतो. तिच्या नवऱ्याने, धीरजने अर्ज टाकला होता, उत्तर यायचं होतं. पण गल्लीतल्या कुरिहारा-साननी कामाला ठेवताना "परवाना आहे ना?" म्हणून विचारलं, तेव्हा हिच्या तोंडून 'हो' निघून गेलं. दिवसभर घरात भिंतींशी बोलून जीव विटला होता हो तिचा!

कुरिहारा-सान सत्तरीचे. घराखालच्या गॅरेजात ते बास जातीचे मासे पकडायला गळाला लावायची मऊ प्लास्टिकची गांडुळं ओतायचे, हाताने, एकेक. प्लास्टिक कढवायचं, रंग घालायचा, साच्यात आधी पोटाचा फिका रंग, आणि तो थिजायच्या आत पाठीचा काळपट. उशीर झाला की दोन रंग एकमेकांना धरत नाहीत, सुटून येतात. चैत्रालीला ते चटकन जमलं. लाडवाच्या पाकाची तार ओळखणारी ती, पातेलं कधी उतरवायचं हे तिला सांगावं लागेना. म्हातारा खूश! हिचं मोडकंतोडकं जपानी न हसता ऐकून घ्यायचा. सासूबाईंना मात्र फोनवर "खेळणी बनवते" एवढंच सांगितलेलं. गांडुळं म्हटलं असतं तर त्यांनी तिकडे आंघोळच केली असती.

त्या शनिवारी, "तुम्ही ओतलेल्या गांडुळाला मासा लागतो का बघू," म्हणून ते तिला तामा नदीवर घेऊन गेले. चैत्राली गेली खरी, पण सगळं लक्ष रस्त्याकडे. असं उघड्यावर, मालकासोबत! कोणी पाहिलं तर? धीरजच्याही व्हिसावर गदा आली तर?

आणि आलाच एक. टोपी, गणवेश, दंडावर पट्टा. सरळ त्यांच्याकडेच. गांडुळांच्या डबीकडे बोट करून भराभर काहीतरी बोलला. हिला त्यातला एकच शब्द कळला. "बाइतो?"

झालं! पायाखालची वाळूच सरकली.

"नाही! बाइतो नाही! कधीच नाही! यांना मी ओळखतसुद्धा नाही!"

माणूस बिचारा गांगरला. नदीवर देखरेख करणारा साधा माणूस तो. मासा गळाला तोंड लावतो त्याला इंग्रजीत बाइट म्हणतात, आणि जपानी तोंडात त्याचंही बाइतोच होतं. मासे लागतायत का, एवढंच तो विचारत होता. कुरिहारा-सान वाकून म्हणाले, "अजून नाही." तो निघून गेला.

मग कुरिहारा-सान तिच्याकडे वळले. "चैत्राली-सान, परवाना नाही ना?"

तिने नकारार्थी मान हलवली. रडूच फुटलं तिला.

"चूक माझी. परवान्याचा शिक्का असतो ते तुमचं कार्ड बघायला हवं होतं." ते तिच्यापुढे कमरेत वाकले, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडले असते तर परवडलं असतं. "परवाना आला की या. पण तोवर तुम्ही म्हणालात तेच बरं. आपली ओळख नाही. रस्त्यात भेटलो तरी नाही. तुम्ही त्या पुलावरून जा, मी इकडून जातो."

ती निघाली. मागे वळून एकदा बघावंसं फार वाटलं. पण ओळख नसलेल्या माणसाकडे वळून कोण बघतं?