भोंगा झाला तेव्हा

तमाम रसिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पन्नासच्या दशकात अंबरनाथच्या संगीतावर ओढवलेल्या महासंकटाचा खरा गुन्हेगार मीच! आजही काडी ओढली, गंधकाचा वास आला, की आमच्या काडेपेटी कारखान्यातला गणेशोत्सव आठवतो. बावीस कामगारांच्या वाद्यवृंदासाठी मी पहिलीच रचना लिहिली होती, आणि ती फसली तर तालमीची खोली भजनी मंडळाला देईन, असं साहेबांनी बजावलं होतं. मधली सोळा आवर्तनं मी मुद्दाम कोरी सोडली होती, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी कापडवाल्यासाठी. तो क्लॅरिनेट असा वाजवायचा की ऐकत राहावं. "सोळाच हं," मी विनवलं. "साईं, गिनता तो मैं दुकान में हूँ," तो हसला. त्या संध्याकाळी तो रंगात आला आणि नेमका पाळी सुटल्याचा भोंगा झाला. ती वेळ मी साफ विसरलो होतो! वर्षानुवर्षांची सवय, बावीसच्या बावीस जणांनी मुकाट्याने वाद्यांवरून हात काढले. पण क्लॅरिनेटवाला कुठे आमचा कामगार! त्याने भोंग्याचाच सूर धरला, त्यावर नक्षी काढत राहिला आणि भोंगा विरताच डोळा मारून अलगद आमच्या मुखड्यावर आला. सगळे भानावर येऊन एकदम शिरले आणि सम अशी पडली की मांडव दणाणला. इतका मोकळा श्वास मी पुढे लेकीच्या लग्नातही सोडला नाही. साहेब तर खुर्चीवरून उठून ओरडलेच, "अहो, पण भोंग्याला तालमीला कधी बोलावलं होतंत?"