आत्याच्या गोवऱ्या

माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी शाळेची पायरीही चढलं नव्हतं. कॉलेजात दोन वर्षं काढली म्हणून मी लिहायला बसावं, हे धाडसच आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. लिहितो आहे तेही माझ्या आत्याविषयी. आपल्याविषयी कोणी लिहावं, असं तिच्या कधी मनातही आलं नसतं.

आत्या लहान वयातच विधवा होऊन अनसिंगजवळच्या आमच्या गावी परतली होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आमच्यात गरिबाला पुरतात. जाळायला सरपण लागतं, ते कोण देणार? पण आत्याला पुरण्याची फार भीती होती. "मले मातीत देऊ नका, बावा," ती म्हणायची. "ओल सोसत नाई मले."

म्हणून दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ती शेण वेचून गोवऱ्या थापायची आणि परसात त्यांचा वेगळा हुडवा रचायची. वरून शेणाने लिंपून, गवताने शाकारून ठेवायची. चुलीसाठी त्यातली एकही गोवरी कोणी घेत नसे.

शेजारची म्हातारी चिडवायची, "बुढे, मराची एवढी कायची घाई?"

"घाई नाई वो, तयारी. तुह्यासारखं लोकायच्या भरवशावर नाई मराचं मले."

त्या वर्षी मी अमरावतीला कॉलेजात परत निघणार होतो, तेव्हाच पावसाची झड लागली. त्याच झडीत शेजारच्या म्हातारीची सून बाळंत झाली. मूल अपुऱ्या दिवसांचं, अंग गार. घरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या भिजलेल्या; नुसता धूर, विस्तव काही होईना. म्हातारी डोक्यावर पोतं घेऊन आमच्या दारात आली. एरवी तोंडाने फटकळ बाई, पण त्या दिवशी तिला मागता येईना. तिने हुडव्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आत्या उठली आणि खुरप्याने तिने हुडव्याचं लिंपण फोडलं.

"ने. शेक चांगला दे. लेकराले ऊब पायजे."

एकदा फोडलेला हुडवा पावसात टिकत नाही. उरलेल्या गोवऱ्या मी घरात आणू लागलो, पण आमचं छप्परही गळत होतं.

"राहू दे," आत्या म्हणाली. "सव्वा महिना शेकाले लागतीन तिले. समद्याच तिकडं नेऊन टाक."

मी टोपल्या भरून नेत राहिलो. शेवटी विचारलं, "मंग तुह्यं काय, आत्या?"

"दिवाळीनंतर थापीन पुन्हा. तवर मरत नाई मी. तू आपली परीक्षा पाह्य."

अमरावतीत कॉलेजच्या वाटेवर लाकडाची एक वखार होती. तिथे पत्र्याखाली कोरडी लाकडं छपरापर्यंत रचलेली असत. येता-जाता मी तिथे थांबायचो. बघण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

पोळा झाल्यावर गावचा एक माणूस बोर्डिंगच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पाहूनच कळलं.

"जाळली ना?" मी एवढंच विचारलं.

तो टोपी हातात घेऊन खाली बसला. "नाल्याले पूर होता, बावा, तुले सांगावा धाडता आला नाई. दिवसभर उघडिपीची वाट पाह्यली आमी. गावात कोरडं काईच नोतं." मग म्हणाला, "मातीत देली. खड्ड्यात पानी भरून राह्यलं होतं, थे उपसलं आधी."