गणपतीला बांधणारी वीणा

वीणाच्या तोंडी लागू नये, असं मंडळातले सगळे म्हणत, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी लागतच. रिछाईच्या कारखान्यातल्या बंडूची ही बायको. मराठी मंडळाचं सभागृह टेकडीवर, म्हणून पाण्याचे कॅन, सतरंज्या वर न्यायला एक लहान गाडी घेतलेली. पुढे एकच सीट, मागे सामान ठेवायचा उघडा डाला. ती चालवायला कुणी टिकेना, तेव्हा वीणाने चाबी घेतली. ती परत दिलीच नाही.

बाकीचे चढाला गाडी तिरकी काढत, उताराला न्यूट्रल करून सोडून देत. तेवढंच डिझेल वाचतं म्हणे. वाचतं खरं, हाडं मोडतात त्याचं काय! ही बाई पहिल्या गिअरात सरळ चढायची, सरळ उतरायची. आणि डाल्यात माणूस? नाव काढू नका. मागच्या वर्षी मंडपाचे बांबू धरून बंडूच डाल्यात बसला होता. चालवणारा दुसरा. गाडी उतारावर तिरकी गेली, कलंडली, आणि बंडूच्या अंगावर बांबू. हाड जुळलं, पाय मात्र लंगडा राहिला.

या वर्षी कमानिया गेटच्या बाजारातून मूर्ती आली. खांद्याएवढी, जड. धुतलेला कुडता घालून बंडू सरळ डाल्याकडे निघाला.

"काय करून राहिले तुम्ही?" वीणाने विचारलं.

"दरवर्षी मीच धरतो ना बाप्पाला."

"यंदा नाही. यंदा दोरीने बांधते."

मंडळाचे सेक्रेटरी भाऊराव मध्ये पडले. "वहिनी, देवाला दोरी बांधतात काय? आपल्यात असं नसतं."

"देवाला बांधते, कारण तुम्ही माणसं ऐकत नाही."

"चलो, मग चाबी द्या. मंडळातला बंटी नेईल गाडी."

भाऊरावांनी हात पुढे केला. वीणाने चाबी पदराच्या गाठीत बांधली आणि गाठ दाताने आवळली.

"चाबी पाहिजे तर वर पोचल्यावर मागा," ती म्हणाली, आणि मग बंडूकडे वळली. "दवाखान्याच्या बाकावर बसून तुमची वाट पाहिली मी. आता नाही पाहणार. राग आला तर येऊ द्या."

बंडूला राग आलाच. चार लोकांत बायको बोलली, कुणाला नाही येणार? पण वीणाने तिकडे लक्ष दिलं नाही. मूर्तीखाली गोधडी घातली, कमरेभोवती घडी केलेली चादर ठेवली, वरून दोरीचे फेरे घेतले. म्हाताऱ्या बाया तोंडावर पदर घेऊन बघत राहिल्या.

"तुम्ही पुढे चाला," तिने बंडूला सांगितलं. "मागे कुणीच नको. चढावर गाडी मागे घसरली तर खाली सापडाल."

तिने पदराची गाठ सोडून चाबी लावली. बंडू टाळ वाजवत, पाय ओढत पुढे निघाला. अर्ध्या चढावर दम लागला. तो बाजूला झाला, गाडी जवळ येताच त्याने डाल्याच्या कडेवर हात ठेवला.

"हात काढा," वीणा म्हणाली. गाडी थांबवली नाही.

तेवढ्यात पुढचं चाक दगडावर चढलं. डाला एका बाजूला उचलला गेला, मूर्ती झुकली, दोरी ताणली गेली आणि दोरीनेच मूर्ती सावरली. चाक परत जमिनीला लागलं. बंडू बघत उभा राहिला. मूर्तीच्या ज्या बाजूला तो दरवर्षी बसायचा, त्याच बाजूला ती झुकली होती, डाल्याच्या खालच्या कडेवर.

वर पोचताच वीणाने चाबी परत पदरात बांधली. आरती झाली. प्रसाद वाटायच्या आधीच भाऊराव आले. "वहिनी, आता द्या चाबी."

वीणा पदराची गाठ सोडायला लागली. तिला राग आला होता आणि रडूही. बंडू लंगडत गाडीपाशी गेला, दोरीची गुंडाळी केली आणि आपल्या खांद्यावर टाकली.

"भाऊराव जी, विसर्जनाला इथूनच खाली उतरायचं आहे," तो म्हणाला. "दोरी माझ्याकडे राहील. चाबी हिच्याकडे."