उजव्या डोळ्यातला ठिपका

गल्लीत तिला सगळे डोळेबाई म्हणत. नाव ऐकून कोणाला धडकी भरली तर भरो, बाई मात्र गरीब गाय. एकतीस वर्षं ती एका कारखान्यात खोटे डोळे रंगवत होती. अपघातात किंवा आजारपणात ज्यांचा एक डोळा गेला, ती माणसं तिच्यासमोर खिडकीशी येऊन बसायची. उरलेल्या डोळ्यात बघत बघत ती बटणाएवढ्या चकतीवर त्याची जोडी रंगवायची. पांढऱ्यातल्या शिरा दाखवायला लाल रेशमाचे तंतू सोडवून चिकटवायची. डोळा बसवला की खरा कुठला आणि हिचा कुठला, हे त्या माणसाच्या बायकोलाही सांगता यायचं नाही.

त्याआधी ती माणसांची चित्रं काढायची. लग्न झालं, मुलगी झाली आणि त्याच वर्षी नवऱ्याची नोकरी सुटली. रंगांची पेटी तिने "थोडे दिवस" म्हणून माळ्यावर टाकली. थोडे दिवस कसले! मुलगी लग्न होऊन परगावी गेली, तरी पेटी आपली माळ्यावरच.

ती निवृत्त झाली त्या दिवशी नवरा स्वतः शिडी लावून वर चढला. पेटी काढली, उतरताना एक पायरी चुकला, आपटता आपटता वाचला, आणि वर हसत म्हणाला, "आता सबब सांगू नकोस."

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे धाकटी नणंद. फुकटात चित्र निघतंय म्हटल्यावर ती कशाला मागे राहतेय! आठ दिवस नवी साडी नेसून बसली. चित्र हुबेहूब झालं. हनुवटीवरचा तीळसुद्धा जागच्या जागी. नणंद नाचतच ते घरी घेऊन गेली.

चौथ्या दिवशी ते चादरीत गुंडाळून परत आलं.

"वहिनी, रागावू नका," नणंद दारातूनच म्हणाली, "पण हे तुमच्याकडेच असू दे."

"का गं? आवडलं नाही?"

"मीच आहे ती, नाही कशाला म्हणू? पण ती माझ्याकडे बघत नाही. कुठूनही बघा, ती बघतच नाही. आमची मांजर त्या खोलीत पाऊल टाकेना. काल आरशासमोर उभी राहिले, तर मलाच माझे डोळे बघवेनात."

डोळेबाईने चित्र बैठकीच्या खोलीत टेबलावर उभं केलं. नणंद खरं बोलत होती. चेहरा हसरा होता, आणि त्यात दोन डोळे नुसते बसवलेले होते. ज्या गोष्टीत हात धरणारा कोणी नव्हता, तीच नेमकी बिघडली होती. तिला रडू आलं. कारखान्याने हात कायमचा बाटवला, आता आपल्याकडून जिवंत माणूस होणे नाही, असं तिने धरूनच टाकलं.

दोन दिवस ती चित्रासमोरून जाताना पदर आडवा धरायची. तिसऱ्या दिवशी सकाळी केस धुऊन ती पंच्याने झटकत होती, तेव्हा पाण्याचा एक थेंब उडून चित्राच्या डोळ्यावर बसला. आणि नणंदेने तिच्याकडे पाहिलं. थेंब ओघळला आणि नजर पुन्हा विझली.

डोळेबाई मटकन खुर्चीत बसली. मग तिला कारखान्यातल्या म्हाताऱ्या उस्तादाची शिकवण आठवली. 'चमक आपण रंगवायची नाही. माणूस उजेडात गेला की ती आपोआप येते. रंगवलेली चमक अंधारातही दिसते आणि चोरी पकडली जाते.' एकतीस वर्षं पाळलेला नियम तिने इथेही पाळला होता. पण चित्रातला माणूस उठून उजेडात कसा जाणार? तिने बारीक ब्रश घेतला आणि बुबुळांवर पांढरा ठिपका दिला, दोन डोळ्यांत दोन. नणंद जागी झाली. डोळेबाई एकटीच टाळ्या पिटत खोलीभर फिरली.

"आता माझं काढ," नवरा म्हणाला.

तो खिडकीशी बसला. कान झाले, विरळ केस झाले, नेहमीची वाकडी कॉलर झाली. अकराव्या दिवशी तिने डाव्या डोळ्यात ठिपका दिला. नवरा चित्रातून तिच्याकडे टक लावून बघू लागला, जिवंत. मग उजव्यात दिला.

उजवा डोळा उठला नाही.

तिने ठिपका पुसला, पुन्हा दिला. जरा वर, जरा बाजूला, मग मोठा. पांढऱ्यावर पांढरा रंग चढला, तरी तो डोळा चकतीवरच्या डोळ्यासारखाच राहिला. अर्धा चेहरा तिच्याशी बोलत होता आणि अर्ध्यात कोणीच नव्हतं.

"काय झालं गं?"

"काही नाही. हलू नका."

ती उठली आणि कारखान्यातल्या सवयीने तिने त्याचा डावा डोळा तळहाताने झाकला. खिडकीचं ऊन उजव्या डोळ्यावर सरळ पडत होतं. अशा उजेडात बाहुली आकसते, हे तिने हजार वेळा पाहिलं होतं. ही बाहुली तिच्यादेखत हळूहळू पसरत गेली.

"अहो, माझी किती बोटं दिसतात?"

"तीन," तो हसत म्हणाला.

तिने एकही बोट वर केलं नव्हतं.

शिडीची चुकलेली पायरी, हल्ली त्याच्या हातून कपाबाहेर सांडणारा चहा, सगळं तिला एकदम आठवलं. परक्या माणसांच्या डोळ्यांत जन्म घालवला, आणि घरातल्या माणसाच्या डोळ्यांत धड पाहिलं नाही, या विचाराने तिला स्वतःची लाज वाटली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले सात-आठ महिने."

"आणि बोलला नाहीत?"

"माझ्यापायी एकदा ठेवलास ब्रश. सांगितलं असतं तर पेटी खालीच आली नसती." तो ओशाळून म्हणाला, "एक डोळा आहे की अजून."

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्याची नस सुकली, तो गेला. डावा औषधाने टिकेल, पण किती दिवस ते सांगता येणार नाही. घरी आल्यावर ती पेटी आवरू लागली, तर त्याने झाकणावर हात ठेवला. "मला दिसतंय तोवर पुरं कर."

तिने पुरं केलं. शेवटच्या दिवशी उजव्या डोळ्यावरचे पांढऱ्याचे थर तिने पात्याने खरवडले, बुबुळ नव्याने रंगवलं आणि चमक मुद्दाम दिली नाही. त्याला काही सांगितलं नाही.

"बघा," ती म्हणाली.

तो चित्रासमोर येऊन उभा राहिला. मग त्याने डावा डोळा तळहाताने घट्ट झाकला.

"अहो, असं कसं दिसेल तुम्हाला?"

त्याने दुसरा हात पुढे केला. बोट हवेत न चाचपडता गेलं आणि चित्रातल्या उजव्या डोळ्यापासून केसभर अंतरावर थांबलं.

"इथे नाही दिलास," तो म्हणाला.

तिने त्याच्या उघड्या उजव्या डोळ्यात पाहिलं. बाहुली तशीच पसरलेली होती.

"नाही दिला," ती म्हणाली.

"बरं केलंस." त्याने डाव्या डोळ्यावरचा हात काढला आणि उजव्या बाजूची खुर्ची चाचपत बसला. "आता उद्यापासून तुझं काढ. आरसा मी पुसून ठेवतो."