शनिवारचा शेवटचा तास

देशाच्या राजधानीत, मयूर विहारमध्ये नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, तेव्हा तिथल्या एका खासगी शाळेत मी गणित शिकवत असे. शेजारच्या सातवीच्या वर्गावर एक मराठी बाई होत्या. भारी भित्र्या. बोलताना दोनदा दाराकडे बघायच्या आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत "बिल्कुल, बिल्कुल" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

तरी शनिवारच्या शेवटच्या तासाला बाई मुलांना गोष्टींची पुस्तकं वाचायला देत. धडा नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. वाचताना कुणी खुदकन हसलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "पकडलं तर नोकरी जाईल हो माझी," असं मला म्हणायच्या, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पिशवीभर पुस्तकं आणायच्या.

एकदा प्राचार्य खरंच आले. मी व्हरांड्यातच होते. मुलांनी घाईघाईनं पुस्तकं बाकाखाली सारली. बाईंचे ओठ पांढरे पडले होते, पण त्या म्हणाल्या, "छुपाओ मत, बच्चो. बाहर निकालो. चोरी थोड़े ही की है."

प्राचार्य माझ्याकडे वळले. "हर हफ़्ते यही होता है?"

मुलं इतकी रमतात की त्यांना घंटासुद्धा ऐकू येत नाही, एवढं तरी मला सांगता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "मालूम नहीं, सर."

बाईंची नोकरी वाचली, तो तास गेला. मधल्या सुट्टीत त्या पूर्वीसारख्याच माझ्या शेजारी डबा उघडून बसत. मी तसं का म्हणाले, हे आज त्या विचारतील, या धास्तीनं मी भराभर जेवून उठत असे. त्यांनी कधीच विचारलं नाही.