हिरव्या पट्टीतलं पाणी

माझ्या आईला आणि उचगावातल्या आमच्या गल्लीला फसवलं गेलं ते मी बारावीत असताना, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. गुऱ्हाळाचा वास आला की ती दुपार अजून तरंगत येते. नळयोजनेचे निळे पाईप रस्त्याकडेला उन्हात झोपलेले, त्यांत शिरलेला वारा बासरीसारखा घुमत होता. नळ कधी येणार, हे विचारायला गल्लीतल्या बायका पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेल्या. साहेबांनी संगणक दाखवला: ठरलेल्या कामाची पट्टी, खाली झालेल्या कामाची, तेवढीच लांब, हिरवीगार. "साहेब, अजून चर खणली न्हाय की!" आई म्हणाली. "मावशी, नारळ फुटला, पाईप उतरले. तेवढ्यावर सगळं काम झालं धरलंय." "मग नारळाचं पाणी भरू व्हय घागरीत?" सगळ्या हसल्या आणि टँकरकडं वळल्या. टँकरच्या घागरी वाहून आईचा खांदा कायमचा गेल्यावर नळ आला. तुम्हाला कुणी हिरवी पट्टी दाखवली, तर मान डोलवू नका. साहेबाला खुर्चीतून उठवा आणि चर दाखवायला लावा.