शेवट न सांगणारे कोरससाहेब

नाटकातला राजा आता कोसळणार, सगळा वर्ग बाकांवरून पुढं झुकलेला, आणि नेमकं तिथंच कोरससाहेब पुस्तक फटकन मिटायचे. "बोलो, राजा ने अब क्या करना?" मग आम्ही तास संपेपर्यंत भांडायचो. शेवट मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. "शेवट फुकट नई मिलता. जाओ, खुद पढो."

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. औरंगाबादच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करणाऱ्या आम्ही मोजक्याच मुली. जुनी ग्रीक महाकाव्यं आणि शोकांतिका शिकवणारे साहेब इथलेच, घरी-दारी दख्खनी बोलणारे. महाकाव्याचा तास असला की बाक भिंतीला लागायचे. "बैठ के तो हिसाब पढते. ये खडे रहके पढने की चीज है." मग आम्ही पदर खोचून जहाजांच्या आणि भाल्यांच्या ओळी ओरडायचो. शेजारच्या वर्गावरचे मास्तर एकदा तक्रार घेऊन आले, तर साहेब म्हणाले, "जनाब, यहाँ जंग चालू है. धीरे कैसे लडना?"

'कोरससाहेब' हे नाव त्यांना आम्हीच दिलेलं. त्या नाटकांत कोरस असतो, म्हणजे बाजूला उभं राहून 'जपून राहा, सबुरीनं घ्या' म्हणणारा म्हाताऱ्यांचा घोळका. साहेबांचा त्यांच्यावर भारी राग. "इनकू सब समझता, करते कुछ नई." वर्गात कुणी शहाणपणाचा सल्ला दिला की गरजायचे, "कोरस मत बनो!" त्यांचे दोघं भाऊ कराचीला निघून गेले होते. तुम्हीही चला, इथं काय राहिलंय, म्हणून नातेवाईक मागं लागले. साहेब "सब कोरस है" एवढंच म्हणाले आणि घराच्या दाराला नवा हिरवा रंग देऊन मोकळे झाले.

आणि मी कशी होते म्हणाल, तर ठार वेडी. शोकांतिका वाचून वाचून मला मरायची घाई झाली होती. केस मोकळे सोडून आरशासमोर उसासे टाकायचे. त्यामुळं शेवटच्या वर्षी, परीक्षा तोंडावर असताना, माझे वडील, आबा, गंगापूरहून आले आणि म्हणाले, "शिक्षान बास झालं. सोयरीक जमलीय, सामान बांध," तेव्हा रडू येण्याआधी मला चक्क आनंद झाला. आली एकदाची संधी! औरंगपुऱ्यात आत्याकडं राहायचे मी. तिथं अन्न सोडलं आणि वडिलांसमोर उभं राहून इंग्रजीत भाषण ठोकलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत्याला म्हणाले, "पित्त झालंय का गं हिला? लिंबू दे." दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चटणी-भाकरी चोरून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना गाठलं. "सर, मी प्राण देईन, पण हे लग्न करणार नाही."

"मरना सबकू आता, बीबी. इम्तिहान देना मुश्किल है. आबा घर पे हैं क्या?"

संध्याकाळी साहेब काखेत पुस्तक मारून आत्याच्या ओसरीवर हजर. आबा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं गप्पा जमायला वेळ लागला नाही. आत्या आणि शेजारच्या काकू दारात उभ्या राहून 'पोरीच्या जातीनं किती शिकायचं' हे एका सुरात म्हणत होत्या. साहेबांनी माझ्याकडं बघून नुसती भुवई उचलली. मग ते आबांना नाटक सांगायला लागले. राजा हुकूम काढतो. घरातलीच पोर तो मोडते. राजा इरेला पेटतो. आबांचा चहा गार झाला. नेमकं तिथं पुस्तक फटकन मिटलं.

"बोलो पाटील, राजा ने अब क्या करना?"

"हुकूम मागं घ्यावा की! त्यानं काय पगडी पडतीय का त्याची?" आबा बोलून गेले आणि थबकले. माझ्याकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं. "मास्तर, लई पोचलेले हाव तुम्ही. पन मी असा फसत नसतो."

"ठीक है. चलता हूँ."

"अहो, पन पुढं काय झालं?"

"वो आपकी बेटी सुनाएगी. इम्तिहान के बाद."

"आत्ताच सांगंल की ती!"

"उसने भी नई पढा अभी."

हे मात्र अगदी खरं होतं. मरायच्या घाईत मी शेवटची पानं उघडलीच नव्हती.

सकाळी आबा गंगापूरच्या एस.टी.त एकटेच चढले. खिडकीतून म्हणाले, "सोयरे थांबले तर थांबले, न्हाई तर गेले उडत. पन शेवट मला सांगायचा."

परीक्षा झाली, मी पास झाले. गावाकडं अंगणात बसून आबांना शेवट सांगितला. जवळपास सगळेच मरतात. आबा भडकले, "आन् ह्याच्यासाठी मी चांगली सोयरीक घालवली व्हय?" मग म्हणाले, "राजानं आधी ऐकाया पाहिजे होतं, नाय?" जूनमध्ये एम.ए.ला नाव घालायला तेच मला घेऊन आले.

पुढं साहेब थकले, त्यांची नजर गेली. हिरव्या दाराच्या त्या घरी मी वाचून दाखवायला जायची. एकदा त्यांनी तेच नाटक मागितलं. "अब्बा, आराम करो, डॉक्टर ने बोला ना," सून म्हणाली. साहेब पुटपुटले, "कोरस." मी उभं राहून वाचायला लागले. राजा आता कोसळणार, तिथवर आले आणि पुस्तक फटकन मिटलं.

"आगे?"

"इम्तिहान के बाद, सर."

खोकला लागेपर्यंत हसले. त्याच आठवड्यात ते गेले.

आता माझा मुलगा म्हणतो, "आई, या वयात गच्चीवर चढून शिकवायची काय गरज? खाली बसून शिकव." मी म्हणते, "कोरस मत बनो," आणि कठडा धरून वर जाते. चार पोरी वाट बघत असतात. खुर्च्या मी मुद्दामच ठेवलेल्या नाहीत.